परतीचा तुकडा

सोमवार, ९ मे १९२१

आलो एकदाचे. चार खुर्च्या, दोन ट्रंका, विनीचं शिवणयंत्र आणि माझी पितळी शाईदाणी, सगळं धडधाकट उतरलं. माझी टोपी तेवढी वाटेत खिडकीतून उडाली. विनी म्हणाली, की गेली ते बरंच झालं, त्या टोपीत मी रेल्वेवाला कमी आणि खाटीक जास्त दिसायचो. अकरा वर्षं संसार करून बायको अजून माझ्या टोपीवरून हसते, हे काय कमी आहे?

लिंडन ग्लेनला स्टेशन म्हणायचं ते आपलं मन राखायला. खाली कचेरी आणि तिकिटाची खिडकी, वर राहायला दोन खोल्या, मागे विहीर आणि रिकामं खुराडं. दिवसाला गाड्या दोन. सकाळी कोळशाच्या रिकाम्या वाघिणी वर खाणीकडे जातात. आम्ही त्यातल्याच गार्डाच्या डब्यात बसून आलो. दुपारी पावणेपाचच्या सुमाराला मिश्र गाडी खाली उतरते, पुढे कोळसा आणि मागे माणसांचे दोन डबे. मास्तरनं हिरवा-पांढरा बावटा लावला तरच ती थांबते, नाहीतर शिट्टी मारून निघून जाते. बावटा लावायची वेळ वर्षातून दोनदा येते म्हणे.

रेडिंगहून मी ही बदली मागितली तेव्हा साहेब हसले. म्हणाले, की ट्रेक्सलर, तिथे लोकांना शिक्षा म्हणून पाठवतात, हौसेनं जाणारा तूच पहिला. मी कारण सांगितलं नाही. कारण विनीच्या रुमालात असतं. डॉक्टर श्ट्राउबनी एप्रिलमध्ये तिची छाती तपासली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की शहराच्या या धुरात राहिलात तर येता नाताळ धरून चालू नका. डोंगरावर न्या, पाइनच्या हवेत ठेवा, मग बघू. म्हणून आलो. या नोकरीतून मला बाकी काही नको. विनीनं येता नाताळ बघावा, आणि जमलं तर त्याच्या पुढचाही.

आज दुपारपासून ती चारच वेळा खोकली. मी मोजत नाही असं तिला सांगतो, पण मोजतो.

शनिवार, १४ मे

पितळ घासलं, कंदील पुसले, खिडकीच्या काचा पुसल्या. आधीचा मास्तर योस्ट नावाचा होता. त्याला स्वच्छतेचं वावडं असावं, कारण टेबलाच्या खणात मला उंदराचं अख्खं बिऱ्हाड सापडलं.

एक गोष्ट मात्र कळेना. माझ्या या टपरीपुढे दोनशे पावलांचा फलाट आहे. दगडी, कडा घडवलेल्या, बारा डब्यांची गाडी आरामात लागेल असा. त्यावर आता गुडघाभर गवत. पलीकडे ओढा आणि त्याच्या पलीकडे पाइनची झाडं, तीही रांगेत. रान काही रांगेत उगवत नाही, एवढं मलाही कळतं.

रुळांचा मुकादम गॉमर प्राइस दुपारी पाणी प्यायला आला. वेल्श म्हातारा, साठी उलटलेला. माणसांपेक्षा रुळांशी जास्त बोलतो. त्याला विचारलं तर म्हणाला, की पूर्वी तिथे बाग होती. कंपनीनंच बांधली, म्हणजे शनिवार-रविवारी रिकामे डबे भरतील. नाचाचा मंडप, नावा सोडायचं तळं, लाकडी घोड्यांचं चक्र, सगळं होतं. मग काढून टाकली. का काढली, असं मी विचारताच तो वर बघून म्हणाला, की चला मास्तर, पाऊस येईलसं दिसतंय. आभाळात एक ढग नव्हता.

मला असल्या गोष्टींचा नाद आहे. या बागेचा इतिहास लिहून कंपनीच्या मासिकाला पाठवावा म्हणतो. विनी म्हणाली, की लिही बाबा, निदान तेवढा वेळ पितळ घासणं तरी थांबेल.

रविवार, २२ मे

कचेरीच्या कोपऱ्यातलं कपाट योस्टनं चार खिळे ठोकून बंद केलं होतं. आज ते उपटले. आत घबाड! बागेचा नकाशा, जुन्या जाहिराती आणि सहलीच्या तिकिटांचा एक गठ्ठा. बाग १८८४ सालची. मंडपाखाली दोनशे जोड्या नाचायच्या. रविवारच्या शाळा, खाणकामगारांचे मेळे, रेशीम गिरणीतल्या पोरी, सगळे इथेच यायचे. बायका आपापल्या टोपल्या आणायच्या आणि लांबच लांब टेबलांवर एकत्र मांडायच्या. सकाळी गाडी सोडायची आणि संध्याकाळी पाचला न्यायची.

तिकिटं हिरवी, मधोमध भोकांची रेघ. एका अर्ध्यावर ‘जाण्यासाठी’ आणि दुसऱ्या अर्ध्यावर ‘परतीसाठी’. तारखेचं यंत्र उमटतंय की नाही, हे आम्ही मास्तर लोक सकाळी एखाद्या रद्दी कागदावर दाबून बघतो. मी त्यातलंच एक तिकीट घेतलं आणि दाबलं. खरं तर नोकरीत पहिल्या दिवशी शिकवतात, की शिक्का पडला की तिकीट जिवंत झालं, मग कंपनीला तो प्रवास घडवावाच लागतो. पण जी बागच नाही तिचं तिकीट म्हणजे रद्दी नाहीतर काय?

जाण्याचा अर्धा भाग फाडून विनीला दिला, पुस्तकात खूण ठेवायला. म्हटलं, बाईसाहेब, सहलीला तुमची जागा राखून ठेवलीय. तिनं झगा दोन्ही हातांनी धरून मला अगदी दरबारी मुजरा केला आणि त्या नादात दहा मिनिटं खोकत बसली. दुसरा अर्धा भाग गुंडाळून शेगडीत धरला आणि त्यावर मी पाइप पेटवला.

शुक्रवार, ३ जून

विनी रोज दुपारी बाराला ओढ्यावरची फळी ओलांडून पाइनमध्ये फिरायला जाते. तासाभरानं येते. गालांवर रंग चढलाय. मी वाटाण्याचं सूप गरम करून ठेवतो आणि ती येऊन म्हणते, की भूक नाही रे. तरी वजन वाढतंय. लग्नातला निळा झगा परवा पाठीवर बसेना, तेव्हा मला झग्याची कीव यायच्या ऐवजी आनंदानं रडू आलं.

आज तिचा रुमाल धुवायला घेतला आणि त्यावर लाल डाग. पायऱ्यांवरच बसलो. ती धावत आली, रुमाल हिसकावला आणि हसायला लागली. म्हणाली, की वेड्या, हे बीट आहे. बिटाच्या लोणच्यात मुरवलेलं अंडं खाल्लं, बोटं पुसली. वास घेतला, खरंच शिर्का आणि साखर. जीव भांड्यात पडला.

अंडं कुणी दिलं, असं विचारलं तर म्हणाली, की वर बायका असतात, त्यांनी. गावातून बोरं वेचायला येत असतील. भल्या बायका दिसतात.

मंगळवार, २१ जून

डॉक्टर श्ट्राउब आमच्या या शाखामार्गावर आले होते, तेव्हा बावटा लावून गाडी थांबवली आणि विनीची छाती दाखवली. त्यांनी नळी दोनदा लावली. मग मला बाजूला घेतलं. मी मनात तयारी करूनच उभा होतो. ते म्हणाले, की ट्रेक्सलर, मला आत काहीच ऐकू येत नाहीये. काही म्हणजे काहीच नाही. फुप्फुस शांत आहे, तुम्ही जे करताय तेच करत राहा.

दिव्यांच्या खोलीत जाऊन मी मनसोक्त रडलो. आज महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस. विनी स्वयंपाक करताना वॉल्ट्झची कुठलीशी धून गुणगुणत होती. मला ती माहीत नव्हती. विचारलं तर म्हणाली, की बँडवाले तीच तीच वाजवतात, डोक्यात बसलीय. कुठले बँडवाले, असं मी विचारलं. ती म्हणाली, की बटाटे सोलायचे सोडून चौकश्या काय करतोस?

सोमवार, ४ जुलै

आज स्वातंत्र्यदिन. हट्टानं तिच्याबरोबर गेलो. फळीवरून ओढा ओलांडला. पाइनच्या रांगा, खाली सुयांचा थर, चिटपाखरू नाही. बोरांची जाळीसुद्धा नाही. विनी पुढे चालत होती आणि मधून मधून मान झुकवत होती, रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की आपण झुकवतो तशी. एकदा बाजूला सरकून तिनं कुणालातरी वाट दिली. मी काय करतेस म्हटलं, तर तिनं मला डोळ्यांनी दटावलं, लोकांपुढे लाज आणू नकोस अशा अर्थानं.

भर दुपारी, उन्हात, मला घाम फुटला तो वेगळाच.

घरी येऊन तिनं बूट काढले. मोजे पिळता येतील इतके ओले. झग्याची कडही ओली, वीतभर. तीन आठवडे पाऊस नाही. ओढ्यात घोट्याएवढं पाणी आहे आणि आम्ही तो फळीवरून ओलांडला.

माझे बूट कोरडे आहेत.

सोमवार, ११ जुलै

लिहायला बसलोय. नीट लिहितो.

गॉमर सकाळी कॉफीला आला. बाकावर विनीचं पुस्तक होतं, त्यातून हिरवा तुकडा डोकावत होता. त्यानं तो ओढून उन्हात धरला. तुकड्याला भोक होतं. मी पाडलं नव्हतं. प्रत्येक कंडक्टरचा तिकीट टोचायचा चिमटा वेगळा असतो, कुणाचा चांदणीचा, कुणाचा पानाचा, म्हणजे तिकीट कुणी तपासलं ते कळतं. हे भोक घंटेच्या आकाराचं.

गॉमर खाली बसला. म्हणाला, की हा एमोस रीलचा चिमटा आहे, सहलीच्या गाडीवरच्या कंडक्टरचा. एमोसला मी स्वतः ओढ्यातून काढला, तेव्हा चिमटा त्याच्या मुठीतच होता. सतरा वर्षं झाली.

मग त्यानं सगळं सांगितलं. १३ ऑगस्ट १९०४, शनिवार. रेशीम गिरणीची सहल. पाचची परतीची गाडी खाली अडकवून ठेवली होती, कारण आधी कोळशाच्या गाड्या सोडायच्या होत्या. लोक फलाटावर टोपल्या घेऊन उभे. डोंगरावर कंपनीचं तळं होतं, हिवाळ्यात बर्फ कापायचं. वर पाऊस झाला आणि त्याचा बांध फुटला. पाणी पाचला फलाटावर आलं. त्रेचाळीस माणसं गेली. गॉमरची मुलगी नेस्टा त्यात होती. एकोणीस वर्षांची, गिरणीत रीळ भरायची. पंधरा दिवसांत कंपनीनं मंडप जाळला, घोडे विकले, तळं बुजवलं, पाइन लावले आणि वेळापत्रकातून नाव काढलं. मास्तर लोकांना तोंडी सांगितलं, की ती तिकिटं जाळू नका, टोचू नका, आणि शिक्का तर मुळीच मारू नका.

म्हणाला, की ते लोक वाईट नाहीत हो मास्तर. त्यांच्या हातात परतीचे तुकडे आहेत आणि गाडी आलीच नाही. ते नुसते थांबलेत. पण तुमच्या बायकोनं जाण्याचा तुकडा दिला, एमोसनं तो टोचला. आता ती त्यांच्या सहलीतली. तिचा परतीचा तुकडा कुठे आहे?

मी सांगितलं, की त्यावर पाइप पेटवला.

गॉमर कॉफी न पिता उठून गेला.

शुक्रवार, १५ जुलै

तीन दिवस विनीला घरात ठेवलं. दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. पहिल्या दिवशी तिला राग आला. दुसऱ्या दिवशी खोकला आला. आज दुपारी बारा वाजता रुमाल लाल झाला आणि या वेळी ते बीट नव्हतं. वाटीभर रक्त. ओठ निळे पडले. तिनं माझी बाही धरली आणि विचारलं, की ऑरिन, मला का मारतोयस तू?

कुलूप काढलं. तिला फळीपर्यंत उचलून नेलं. पलीकडे पाय टेकताच तिचा श्वास मोकळा झाला. चालत गेली, धून गुणगुणत. मी गवतात बसून राहिलो.

मंगळवार, १९ जुलै

काल तिला घेऊन खाली निघालो होतो. रेडिंगला, कुठेही, इथून बाहेर. पावणेपाचची गाडी थांबवली. पहिल्या पुलाच्या पलीकडे गेलो आणि तिची मान माझ्या खांद्यावर पडली. नाडी लागेना. साखळी ओढून उतरलो. गॉमरनं हातानं चालवायच्या ट्रॉलीवर घालून आम्हाला परत आणलं. ओढा दिसताच तिनं डोळे उघडले आणि विचारलं, की आपण सहल सोडून कुठे गेलो होतो?

इथे राहिली तर त्यांची. इथून नेली तर कुणाचीच नाही. काय करू?

बुधवार, २७ जुलै

आता ती एकला येत नाही. गेल्या आठवड्यात दोनला यायची, काल तीन वाजले. झगा कमरेपर्यंत ओला. अंग इतकं गार की तिच्याजवळ झोपून माझे दात वाजतात. जेवत नाही, खोकत नाही, तक्रार नाही. खूप छान दिसते. ते बघवत नाही.

शेगडी कशी पेटवायची ते आज विसरली. विचारलं, की हे कशासाठी असतं?

सोमवार, १ ऑगस्ट

अकरा वर्षांत विनीनं मला तूच म्हटलंय. पाद्र्यासमोर, साहेबांसमोर, माझ्या आईसमोरसुद्धा. आज चार वाजता खिडकीशी येऊन उभी राहिली, केसांतून पाणी टपकत होतं, आणि म्हणाली, की अहो मास्तर, पाचच्या गाडीची काही बातमी आहे का? तुम्ही जरा तारेवर विचारता का?

मी म्हटलं, विनी, मी ऑरिन आहे. ती म्हणाली, की हो का, बरं झालं भेटलात, पण गाडी?

शनिवार, ६ ऑगस्ट

आज साडेचारला आली. दर दिवशी आणखी उशीर. पाच वाजतील तेव्हा ती फलाटावर त्यांच्यात उभी असेल, आणि पाणी येईल. एवढं मला गणित येतं.

गॉमर आला होता. त्याला एक सुचलंय. तेरा तारखेला पाच वाजायच्या आत तिथे खरी गाडी थांबली तर? आपली पावणेपाचची. बावटा लावायचा अधिकार माझाच आहे. गाडी आली की ते सगळे घरी जातील, पाणी कुणाला न्यायला येणार? तो म्हणाला, की सतरा वर्षं मी रूळ ठोकतोय आणि प्रत्येक मास्तरला हेच सांगतोय. कुणी ऐकलं नाही. तुम्हाला ऐकावंच लागेल.

विनीकडे परतीचा तुकडा नाही, हे मी म्हटलं. गॉमर म्हणाला, की मास्तरच्या बायकोला पास असतो ना? असतोच. माझ्या सहीचा, साहेबांच्या शिक्क्याचा, वर्षभराचा. पास असला की तिकीट कोण मागतं?

मला जरा धीर आला. बऱ्याच दिवसांनी जेवलो.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

पास विनीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधला. गाठ दोनदा घातली. तिनं तो उलटसुलट बघितला आणि विचारलं, की हे कुठल्या कंपनीचं?

रात्रभर ती खुर्चीत बसून होती. खाली पाणी साचलं होतं. मी पुसत होतो.

शनिवार, १३ ऑगस्ट

१२.०० — गेली. थांबवली नाही.

३.१५ — बावटा लावला. आभाळ निरभ्र. गॉमर कोट घालून आलाय, दाढी करून.

४.२० — दिसतात. मला दिसतात. फलाट भरलाय. गवत नाही, स्वच्छ दगड. पांढरे झगे, टोपल्या, गळ्यातल्या निळ्या फिती. सगळे खाली वळणाकडे बघतायत. विनी शेवटून तिसरी. तिच्या शेजारी गॉमर उभा आहे, एका पोरीपासून दोन हातांवर, आणि त्या पोरीकडे बघायची त्याची हिंमत होत नाही.

४.४१ — शिट्टी. येतेय. देवा, येतेय —

४.५४ — लिहितो. लिहिलं नाही तर वेड लागेल. गाडी थांबली. आमचा जिवंत कंडक्टर उतरून मला शिव्या द्यायला लागला, की कुठायत माणसं, ट्रेक्सलर, दारू प्यायलास का. त्याला काही दिसत नव्हतं. पण डबे स्प्रिंगांवर खाली खाली बसत गेले, एकेक पाऊल पडताना. ते त्यानं पाहिलं आणि तो गाडीपासून मागे सरकला.

दाराशी दुसरा कंडक्टर होता. ओल्या कोटातला. प्रत्येकाचा हिरवा तुकडा घ्यायचा, टोचायचा, आत सोडायचा. नेस्टा चढली. गॉमर तिच्या मागोमाग चढला, मुकादमाचा बिल्ला दाखवून. मागे वळून बघितलं नाही.

विनीनं पास पुढे केला. ओल्या कोटातल्यानं वाचला. उलटून बघितला. सहलीचा हिरवा तुकडा नव्हता. मान हलवली. मी ओरडलो, की ही माझी बायको आहे. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. विनी बाजूला झाली, मागच्यांना वाट देत —

गॉमर म्हणूनच घाईघाईनं आत गेला. पास चालणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याला सगळं ठाऊक होतं.

मी आत धावलो, गठ्ठा काढला, दुसऱ्या तिकिटावर शिक्का मारला, तिसऱ्यावर मारला. शाई उमटेना. उमटली. बाहेर येईपर्यंत

गाडी वळणावर होती. वेळेवर सुटली.

४.५६ — फलाट रिकामा. ती एकटी. ओढली, हलत नाही. हात हातात राहत नाही, निसटतो. म्हणते, की मास्तर, माझा तुकडा तुमच्याकडेच होता, नीट बघा ना. म्हणून परत आत आलो. खण बघितले. शेगडी बघितली. शेगडीतली राखसुद्धा मेपासून बदललीय, मी इथे काय शोधतोय —

४.५८ — वरून आवाज. गाडीचा नाही. पाइन वाकतायत. ऊन आहे. स्वच्छ ऊन आहे.

आता पाण्याला घ्यायला एकटीच उरलीय. त्रेचाळीस जण होते तेव्हा निदान एकमेकांना धरून

खिडकीतून दिसते. तिनं आवाज ऐकलाय. इकडे वळली. तोंड बदललं. ओळखलं तिनं. ओळखलं मला. हाक मारतेय, ऑरिन म्हणतेय, ऑरिन ये ना रे, तू ये ना —

जातो. तिला पोहायला येत न